‘मी’ म्हणणारे चाळीसजण : विल्यम बिलिंग्जच्या ‘आफ्रिका’विषयी

अठराव्या शतकातील एखादा अमेरिकन स्तोत्रसंग्रह हाती घेतला, की मराठी वाचक आरंभीच थोडा अडखळतो. पानाच्या माथ्यावर जे नाव छापलेले असते ते खालच्या कवितेचे नसते. ते चालीचे असते. शिवाय ते बहुधा एखाद्या स्थळाचे नाव असते आणि त्या स्थळाचा कवितेच्या आशयाशी संबंध असेलच असे नाही. बॉस्टनचा स्वररचनाकार विल्यम बिलिंग्ज (1746–1800) याने आपल्या चालींना ‘अमेरिका’, ‘आशिया’, ‘युरोप’ अशी नावे दिली आणि एका चालीला ‘आफ्रिका’ हे नाव दिले. चार आवाजांच्या, वाद्यसाथीविना गायच्या या लहानशा रचनेत आफ्रिकेचा उल्लेख एकदाही येत नाही. तिचे शब्दही बिलिंग्जचे नाहीत. ते आयझॅक वॉट्स (1674–1748) या इंग्रज कवीचे आहेत आणि बिलिंग्जच्या जन्माच्या 39 वर्षे आधी, 1707 साली, लंडनला छापले गेलेले आहेत.

शब्द एकाचे, चाल दुसऱ्याची, नाव तिसऱ्याच कशाचे, आणि गाणारे चाळीस. अशा रचनेकडे साहित्यसमीक्षेने कोणत्या बाजूने जावे? केवळ संहितेचा विचार करावा तर तो वॉट्सचा विचार होतो. केवळ स्वरांचा करावा तर ते काम संगीतशास्त्राकडे जाते. इंग्रजी साहित्याच्या इतिहासांत स्तोत्रांना एखाद-दुसरे प्रकरण मिळते, त्यामागे आदरापेक्षा ही अडचणच अधिक असावी. तथापि मराठी वाचकाला ही स्थिती सर्वस्वी अपरिचित नाही. आपल्या संगीत नाटकांच्या छापील पुस्तकांत पदाच्या माथ्यावर ‘चाल’ म्हणून दुसऱ्याच एखाद्या गाण्याचा निर्देश असे. आणि 6-6-6-4 अक्षरांच्या अभंगाला कोणतीही ओळखीची चाल लावून वारकरी गातच आले आहेत. वॉट्सचे हे स्तोत्रही अशाच एका सर्वसामान्य मापात बसवलेले आहे : आठ, सहा, आठ, सहा अवयवांच्या चार ओळी. या मापाची कोणतीही कविता या मापाच्या कोणत्याही चालीवर गाता येते. चालीला स्वतःचे नाव लागते ते यामुळेच.

(या मापांचा मराठीशी प्रत्यक्ष संबंधही आला. 1810 साली न्यू इंग्लंडमध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन मिशन मंडळाचे पहिले मिशनरी 1813 मध्ये मुंबईस पोहोचले आणि पुढे मराठी उपासनेत पाश्चात्त्य चाली रूढ झाल्या. आघातांवर उभी असलेली इंग्रजी ओळ आणि ऱ्हस्व-दीर्घ जपणारी मराठी ओळ यांचे जमणे कठीण. नारायण वामन टिळक (1861–1919) यांनी अभंग, ओवी आणि भजन यांच्याकडे वळून हा प्रश्न मुळातूनच वेगळा मांडला. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.)

वॉट्सच्या कवितेचा आधार यशयाच्या ग्रंथातील एकोणपन्नासावा अध्याय हा आहे. मूळ उताऱ्यात संदेष्टा प्रथम आकाशाला गायला सांगतो, पृथ्वीला हर्ष करायला सांगतो, पर्वतांना कंठ फोडायला सांगतो; देवाने आपल्या पीडित लोकांचे सांत्वन केले आहे. या विश्वव्यापी जयघोषाला लगेच छेद देत सीयोन नगरी तक्रार करते, की देवाने मला टाकले, तो मला विसरला. तिला उत्तर मिळते ते आईच्या प्रतिमेतून : अंगावरचे मूल स्त्री विसरेल काय? आणि कदाचित ती विसरलीच, तरी मी विसरणार नाही. तुला मी माझ्या तळहातांवर कोरले आहे.

या क्रमात वॉट्सने केलेला बदल लहान, पण मूलगामी आहे. त्याने आकाश, पृथ्वी आणि पर्वत यांना रजा दिली. त्याच्या कवितेचा आरंभ बाहेर होतच नाही. तो बोलणाऱ्याच्या अंतःकरणात होतो. तिथला आनंद वर उसळतो, त्याचे गाणे होते आणि जीभ त्या सुरात लागते. जो जयघोष सृष्टीने करायचा तो आता एका माणसाच्या छातीत होतो. त्यानंतर तहानलेल्या सीयोन टेकडीवर कृपेचे चार थेंब पडल्याचे दृश्य येते (मुसळधार पाऊस नव्हे, थेंबच, वॉट्सचा संयम येथे दिसतो), आणि मग स्वतःलाच विचारलेला प्रश्न, की असे असता आपण भिऊन का राहतो? तक्रार करणारी नगरी नाहीशी झाली आणि तिच्या जागी शंका घेणारे भाविक मन आले. प्रॉटेस्टंट अंतर्मुखतेचे इतके नेमके उदाहरण क्वचित सापडेल. सहा कडव्यांची ही कविता वाचनात भावकवितेच्या अगदी जवळ जाते.

वॉट्सची खरी ताकद दिसते ती पाचव्या कडव्यात. आई मूल विसरेल काय, या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे देऊन सामान्य कवी थांबला असता. यशया थांबला नाही आणि वॉट्स त्याच्याही पुढे जातो. निसर्गक्रमच पालटला आणि माता राक्षसी झाल्या, अशी कल्पना तो उच्चारून दाखवतो. मूळ उताऱ्यात केवळ विसरणे आहे. वॉट्सने त्याला हिंस्र रूप दिले. सुखद स्तोत्राच्या मध्यावर अशी ओळ ठेवायला धैर्य लागते. नंतरचे अनेक संग्रह स्तोत्राची काही निवडक कडवीच छापतात, आणि अशा निवडीत सर्वांत आधी धोक्यात येतात ती असलीच कडवी. प्रस्तुत लेखकाच्या मते या कडव्यावाचून शेवटच्या कडव्यातील तळहातावरच्या कोरीव अक्षरांना वजन उरत नाही.

आता ही अंतर्मुख कविता बॉस्टनमध्ये काय रूप घेते ते पाहू.

बिलिंग्ज व्यवसायाने चर्मकार होता, कातडी कमावण्याचे काम करणारा. संगीताचे रीतसर शिक्षण त्याला फारसे मिळाले नव्हते. एक पाय आखूड, एक डोळा अधू आणि राहणीत कमालीची बेफिकिरी, असे त्याचे वर्णन एका समकालीन धर्मोपदेशकाने त्याच्या मृत्यूनंतर आपल्या रोजनिशीत केले आहे. न्यू इंग्लंडच्या प्युरिटन प्रार्थनागृहांना वाद्यांचे वावडे होते. स्तोत्रे गायची ती केवळ कंठाने. परंतु पिढ्यानपिढ्या ऐकून ऐकून गायल्याने प्रत्येक गावाचा, किंबहुना प्रत्येक बाकाचा सूर वेगळा झाला होता. ही अव्यवस्था दूर व्हावी म्हणून 1720 नंतर तेथे गायनशाळा निघाल्या. काही आठवडे संध्याकाळी तरुण मुले-मुली जमत, स्वरलिपी शिकत, चार आवाजांत गाऊ लागत. बिलिंग्ज हा अशा शाळांचा फिरता शिक्षक होता आणि ‘आफ्रिका’ त्या वर्गासाठी रचलेली आहे. ती प्रथम आली 1770 च्या ‘न्यू इंग्लंड साम-सिंगर’ या पुस्तकात. एकाच अमेरिकन रचनाकाराच्या केवळ स्वतःच्या रचनांचे हे पहिले पुस्तक. त्यात शंभराहून अधिक चाली आहेत. 1778 च्या ‘सिंगिंग मास्टर्स असिस्टंट’मध्ये त्याने ती सुधारून पुन्हा छापली.

रचना साधी आहे. तीन मात्रांचे संथ आवर्तन आणि चारही आवाजांत एकाच वेळी उच्चारले जाणारे शब्द. बिलिंग्जच्या काळी दुसरा एक प्रकार फार लोकप्रिय होता : त्यात आवाज एकामागून एक प्रवेश करतात, एकमेकांच्या ओळीवर ओळ चढवतात आणि शब्द त्या झुंबडीत हरवतात. बिलिंग्जला तो प्रकार उत्तम जमत असे. येथे त्याने तो टाळला. वॉट्सची कविता प्रश्नोत्तराची आहे, तिला युक्तिवाद आहे. ती ऐकू येणे आवश्यक होते.

पण मुख्य गोष्ट पुढेच आहे. आज समूहगायनात मुख्य चाल सर्वांत वरच्या आवाजाकडे असते, म्हणून कान तिला सहज पकडतो. बिलिंग्जकडे ती टेनर या मधल्या आवाजात असते. वर ट्रेबल आणि काउंटर, खाली बास, आणि त्यांच्या दरम्यान चाल. शिवाय स्त्री-पुरुष तोच भाग सप्तकाच्या अंतराने एकत्र गात असल्यामुळे ‘वरचा’ आणि ‘खालचा’ हा भेदही पुसट होतो. खर्जाविषयी बिलिंग्ज विशेष आग्रही होता : चाळीस गाणारे असतील तर वीस बासला द्यावेत आणि उरलेले वीस बाकीच्या आवाजांत वाटावेत, असा त्याचा सल्ला आहे. 1794 च्या ‘काँटिनेंटल हार्मनी’ या पुस्तकात गुरू-शिष्यसंवादाच्या रूपाने त्याने आपली रचनापद्धती सांगितली आहे. तीनुसार पहिला आवाज कल्पनेच्या स्वैर भरारीने सुचतो. दुसऱ्याला त्याच्याशी जुळवून घ्यावे लागते. आणि जो शेवटी लिहिला जातो त्याच्या वाट्याला स्वातंत्र्य सर्वांत कमी येते. हे लिहिणाऱ्याला शास्त्र येत नव्हते असे म्हणणाऱ्यांनी हा परिच्छेद पुन्हा वाचावा. प्रत्येक आवाजाला स्वतःची चाल असावी आणि तरी चौघांना एकत्र राहता यावे, ही अडचण तो तंत्राची म्हणून सांगतो. वाचकाला ती तेवढीच वाटत नाही.

येथे वॉट्सच्या ‘मी’चे काय होते? अंतःकरणातील आनंदाविषयीचे एकवचनी वाक्य चाळीसजण एका वेळी उच्चारतात. त्यांतले निम्मे खर्जात, आणि चाल कोणाच्याही मस्तकावर नसून मध्ये कुठेतरी. यशयाच्या पर्वतांना वॉट्सने आत नेले होते. बिलिंग्जने आतल्या माणसाला बाहेर, पण पर्वतांवर नव्हे तर बाकांवर आणून बसवले. संतकवितेच्या वाचकाला हा व्यवहार ठाऊक आहे. ‘तुका म्हणे’ ही मुद्रा एका माणसाची, आणि दिंडीतले शेकडो लोक ती आपल्या तोंडाने म्हणतात. तेव्हा त्यांच्यातला कोणीही स्वतःला तुकाराम समजत नाही. तथापि एक भेद आहे. अभंगातले नाव गाणाऱ्याला कवीपासून थोडे दूर ठेवते. वॉट्सच्या कवितेत नाव नाही, केवळ ‘मी’ आणि ‘माझे’ आहे, आणि ते सर्वनाम प्रत्येक गाणाऱ्याला तंतोतंत बसते. म्हणून तेथे एक वेगळाच प्रश्न उभा राहतो : या ‘मी’त बसायला कोणाला जागा होती?

चालीचे नाव आता आठवल्यावाचून राहत नाही. 1770 च्या बॉस्टनमध्ये गुलामगिरी कायदेशीर होती. त्याच वर्षी 5 मार्चला ब्रिटिश सैनिकांनी शहरात जमावावर गोळीबार केला. त्यात मारला गेलेला क्रिस्पस अटक्स आफ्रिकन आणि मूळ अमेरिकन वंशाचा होता असे मानले जाते. त्या गोळीबाराचे गाजलेले चित्र कोरणाऱ्या पॉल रिव्हीअरनेच बिलिंग्जच्या पुस्तकाचे मुखचित्रही कोरले : मेजाभोवती बसून गाणारी माणसे आणि त्यांच्याभोवती गोलाकार मांडलेली स्वरलिपी. त्याच शहरात त्याच वर्षी फिलिस व्हीटली या मुलीने धर्मोपदेशक जॉर्ज व्हाइटफील्डवर लिहिलेली विलापिका छापली गेली. व्हीटलीला 1761 मध्ये, सात-आठ वर्षांची असताना, पश्चिम आफ्रिकेतून जहाजाने आणून बॉस्टनमध्ये विकले होते. 1773 साली लंडनला निघालेल्या तिच्या संग्रहात आफ्रिकेतून अमेरिकेत आणले जाण्याविषयीची एक छोटी कविता आहे. आईपासून तोडून आणलेले मूल ज्या शहरात कविता लिहीत होते, त्या शहरात ‘आफ्रिका’ नावाच्या चालीवर, आई मूल विसरेल काय, हा प्रश्न गायला जात होता.

ही जुळणी इतकी नेमकी आहे की समीक्षकाने येथे सावध व्हावे. बिलिंग्जने हे हेतुतः केले असे सुचवणारे वाचन मोहक आहे. माझ्या मते ते चूक आहे. पहिले कारण चालींची नावे देण्याची रूढीच. ‘आशिया’ आणि ‘युरोप’ यांतून जर खंडांविषयी भाष्य निघत नाही, तर ‘आफ्रिके’तून ते काढणे पक्षपाताचे होईल. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. बिलिंग्जला जेव्हा प्रसंगोचित बोलायचे असे तेव्हा तो आडपडदा ठेवत नसे. ‘चेस्टर’ या चालीसाठी त्याने स्वतः इंग्रजांच्या विरोधात शब्द लिहिले. 1778 च्या त्याच पुस्तकात बाबेलच्या नदीकाठी बसून रडणाऱ्या बंदिवानांचे स्तोत्र घेऊन त्याने त्यात बॉस्टन शहर बसवले आणि ब्रिटिश ताब्याचा विलाप केला. बंदिवास हे रूपक त्याला उत्तम समजत होते आणि ते त्याने स्वतःच्या शहराला लावले. शहरातल्या प्रत्यक्ष बंदिवानांना त्याने ते लावल्याचे ‘आफ्रिका’त तरी दिसत नाही. हे बिलिंग्जवरचे आरोपपत्र नव्हे. पण ही नोंद टाळून पुढे जाणेही प्रामाणिकपणाचे होणार नाही. नाव त्याने सहज ठेवले. ते सहज ठेवता आले, यातच त्या काळाविषयी बरेच कळते.

एवढे मान्य केल्यावरही नाव चालीला चिकटून राहतेच. कलाकृतीचा अर्थ रचनाकाराच्या हेतूपाशी संपत असता तर हा प्रश्न येथे मिटला असता. स्तोत्राचा अर्थ तर त्याहून लवकर निसटतो, कारण ते वाचले जात नाही, वापरले जाते.

या वापराचा पुढचा इतिहास विचित्र वळणांचा आहे. बिलिंग्ज दारिद्र्यात मेला. त्याला बॉस्टन कॉमन या मैदानात पुरले आणि त्याच्या थडग्यावर खूण नाही. पुढच्या पिढीत लोवेल मेसन (1792–1872) आणि त्याचे सहकारी यांनी युरोपीय नियमांनी शुद्ध केलेले स्तोत्रसंगीत रूढ केले. तिसरा स्वर गाळून केवळ षड्ज-पंचमावर विसावणारे बिलिंग्ज-पिढीचे सुरावटीचे शेवट त्यांना खडबडीत वाटले. न्यू इंग्लंडने आपला चर्मकार टाकून दिला. त्याला जतन केले दक्षिणेतल्या शेतकऱ्यांनी. तेथे 1801 पासून छापात आलेली आकृतीबद्ध स्वरलिपी प्रचारात होती; त्रिकोण, वर्तुळ, चौकोन आणि हिरा अशा आकारांवरून स्वर ओळखायचा. विल्यम वॉकरचे ‘सदर्न हार्मनी’ (1835) आणि जॉर्जियातील बी. एफ. व्हाइट व ई. जे. किंग यांचे ‘सेक्रेड हार्प’ (1844) ही त्या परंपरेची मुख्य पुस्तके. ‘सेक्रेड हार्प’च्या 1991 च्या आवृत्तीत पृष्ठ 178 वर ‘आफ्रिका’ आहे. 1942 आणि 1959 मध्ये ॲलन लोमॅक्सने अलाबामात या परंपरेच्या गायनसभा ध्वनिमुद्रित केल्या. ते आवाज पहिल्या वेळी ऐकताना कानाला बोचतात : मोकळ्या गळ्याचे, न थरथरणारे, श्रोत्याची पर्वा नसलेले.

पर्वा नसते, कारण श्रोताच नसतो. गाणारे चार बाजूंना चौकोनात, तोंडे आत करून बसतात. मधली जागा रिकामी असते. एकेक जण तेथे येऊन आपल्या आवडीच्या गीताचे नेतृत्व करतो आणि परत जागेवर जाऊन बसतो. प्रथम केवळ स्वरनामे गायली जातात, मग शब्द.

या परंपरेवर जॉर्ज पुलेन जॅक्सनने 1933 साली लिहिलेल्या महत्त्वाच्या ग्रंथाच्या शीर्षकातच ही गीते ‘गोऱ्यां’ची असल्याचे म्हटले होते. दुसऱ्याच वर्षी, 1934 मध्ये, अलाबामातील ओझार्क या गावी जज जॅक्सन (जज हे त्याचे नावच) या कृष्णवर्णीय रचनाकाराने ‘कलर्ड सेक्रेड हार्प’ प्रसिद्ध केले. तीच स्वरलिपी, तीच पद्धत आणि बव्हंशी कृष्णवर्णीयांनीच रचलेली गीते. वेगळे पुस्तक काढावे लागले हे त्या समाजाच्या विभागणीचे लक्षण. पण चार आवाजांचे हे शास्त्र कोणा एका वर्णाचे नव्हते, हेही त्या पुस्तकाने दाखवून दिले.

अखेरीस चालीच्या एका गुणाकडे वळतो. तो दोष मानला जातो म्हणून तर अधिकच. सहाही कडव्यांना एकच चाल आहे. आनंद उसळतो तेव्हा जे स्वर, तेच तहानलेल्या टेकडीला, तेच भीतीला, तेच राक्षसी झालेल्या मातेला. शब्दाचे चित्र स्वरात काढणे ही गीतरचनेची कसोटी मानणाऱ्यांना हे ढोबळ वाटते. राजा दावीदाच्या पुत्रशोकावरच्या रचनेत बिलिंग्जने शोकाला वेगळी वाट दिली आहे, तेव्हा त्याला ते जमत नव्हते असे नाही. जात्यावरची ओवी ज्यांनी ऐकली आहे त्यांना येथे वेगळे काही सुचेल. दळणारी बाई माहेरच्या सुखाचे सांगो की सासरच्या जाचाचे, चाल बदलत नाही, कारण हात थांबत नाही. आणि सुखाच्या चालीवरच दुःख येते म्हणून ते अधिक लागते. ‘आफ्रिका’च्या पाचव्या कडव्यात नेमके हेच होते. मातेच्या राक्षसीपणाची ओळ येते तेव्हा कोणताही आवाज दचकत नाही. ज्या स्वरांनी पहिल्या कडव्यात हर्ष सांगितला त्याच स्वरांनी, त्याच संथ आवर्तनात, निम्म्या गाणाऱ्यांच्या खर्जावर ती पार पडते आणि तळहातांचे कडवे सुरू होते.

दक्षिणेतल्या त्या चौकोनांत ताल धरायला वाद्य नसते. गाणारे स्वतःच हात वर-खाली करून तो धरतात. तीन मात्रांच्या गीतात दोन मात्रा हात खाली जातो आणि तिसरीला वर येतो. देवाच्या तळहातावर नाव कोरलेले असल्याची ओळ गाताना प्रत्येकाचा स्वतःचा तळहात असा उघडा, डोळ्यांसमोरून वर-खाली जात असतो.